गुलाबाची छाटणी: आधी डोळा ओळखा, मग कात्री लावा

गुलाब लावलेल्या माणसाला पहिल्या वर्षी एकच धास्ती असते. कापलं आणि झाड गेलं तर? त्या धास्तीपायी झाड तसंच वाढू दिलं जातं. दोन-तीन वर्षांत ते डोक्याइतकं उंच होतं, खाली नुसत्या बोडक्या काटेरी फांद्या उरतात आणि पार शेंड्याला चार बारकी फुलं लागतात. माझं पहिलं झाड मी असंच तीन वर्षं जपलं. मुळं धरलेला, निरोगी गुलाब कात्रीने क्वचितच मरतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्याला मारतं ते बुंध्याशी तुंबलेलं पाणी, दिवसभराची सावली आणि वाळक्या फांदीतून हळूहळू खाली उतरणारी बुरशी. कापण्यात थोडं चुकलं तर एखादा बहर उशिरा येतो किंवा झाडाचा आकार बिघडतो, आणि तो पुढच्या छाटणीत सुधारता येतो. म्हणून भीती बाजूला ठेवून सुरुवात करू.

डोळा म्हणजे काय

गुलाबाची एखादी फांदी हातात धरा आणि पान जिथून निघालं आहे ती जागा बघा. पानाचा देठ आणि फांदी यांच्या बेचक्यात एक बारीक, टोकदार, बहुधा लालसर उंचवटा दिसेल. तो डोळा. पान गळून गेलं असेल तर फांदीवर चंद्रकोरीसारखी एक आडवी खूण उरते, तिच्या बरोबर वर डोळा असतो. जुन्या, करड्या पडलेल्या फांदीवर तो दिसत नाही, पण बोट फिरवलं तर लागतो.

फांदीचा शेंडा वाढत असतो तोवर तो ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली पाठवत राहतो आणि खालचे डोळे झोपलेले राहतात. शेंडा कापला की हा दाब उठतो आणि कापाच्या खालचे पहिले एक-दोन डोळे जागे होतात. नवी फांदी त्यांतूनच येते आणि डोळ्याचं तोंड ज्या दिशेला, त्याच दिशेला ती जाते. एवढं एकदा लक्षात बसलं की छाटणीचे बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. प्रत्येक काप घेताना तुम्ही पुढच्या फांदीची जागा ठरवत असता. म्हणून नजर पात्यावर न ठेवता डोळ्यावर ठेवा.

तुमचा गुलाब कोणत्या प्रकारचा

हे आधी ठरवायला हवं, कारण काही गुलाब नव्या फुटीवर फुलतात आणि काही गेल्या वर्षीच्या फांदीवर.

वर्षातून अनेकदा फुलणारे बहुतेक बागेतले गुलाब नव्या फुटीवर फुलतात. लांब दांड्यावर एकच मोठं फूल येणारा हायब्रिड टी, झुपक्याने फुलणारा फ्लोरिबंडा आणि छोटा मिनिएचर हे तिन्ही याच गटातले. पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण या गुलाबांत चीनमधल्या जातींकडून आला. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या जाती युरोपात पोचल्या, तिथल्या गुलाबांशी त्यांचा संकर होत गेला, आणि १८६७ साली फ्रान्समध्ये आलेली ‘ला फ्रान्स’ ही जात सहसा पहिला हायब्रिड टी मानली जाते. या गटाची छाटणी जितकी नीट, तितकी फुलं चांगली.

वर्षातून एकदाच भरभरून फुलणारे जुने गुलाब आणि रॅम्बलर वेली यांची गोष्ट वेगळी. त्यांची फुलं गेल्या वर्षी वाढलेल्या फांदीवर येतात. बहराआधी छाटले तर त्या वर्षाची फुलंच कापून टाकल्यासारखं होतं. यांना बहर संपल्यावर हात लावायचा. रोपाचा प्रकार माहीत नसेल तर एक वर्ष काहीही न कापता, फक्त वाळकं काढून, ते कधी आणि कुठे फुलतं ते पाहा. ते वर्ष फुकट गेल्याची हळहळ नको, झाडाची ओळख त्यातच होते.

वेळ

जिथे हिवाळ्यात पाणी गोठतं तिथे मुख्य छाटणी हिवाळा सरताना करतात, डोळे फुगायला लागलेले दिसतात पण पानं उघडलेली नसतात तेव्हा. लवकर कापलं तर कोवळी फूट कडाक्याच्या थंडीत जळते. जिथे थंडी सौम्य असते आणि गुलाब वर्षभर हिरवा राहतो, तिथे पाऊस पूर्ण ओसरून हवा कोरडी आणि गार व्हायला लागली की छाटणी करावी. पावसात केलेला काप ओला राहतो आणि बुरशीला दार उघडं मिळतं. भर उन्हाळ्यात जोरकस छाटणी करू नये. पानांची सावली गेली की उघड्या पडलेल्या फांद्या उन्हाने भाजतात.

फुलं एखाद्या ठरावीक दिवशी हवी असतील तर उलट मोजा. छाटणीपासून पहिलं फूल उमलायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. ऊबदार हवेत लवकर, गार हवेत उशिरा.

हत्यारं

छाटणीची कात्री, म्हणजे सिकेटर, दोन तऱ्हेची मिळते. एकीची दोन पाती एकमेकांना घासून जातात, दुसरीत एक पातं सपाट पट्टीवर येऊन दाबलं जातं. गुलाबाला पहिली घ्या. दुसरीने ओली फांदी चिरडते आणि चिरडलेला भाग वाळत खाली जातो. अंगठ्याहून जाड फांदीला लांब दांड्याची कात्री किंवा बारीक दातांची करवत लागते. सिकेटर पिरगाळून जाड फांदी तोडायला गेलं की फांदी आणि कात्री दोन्ही बिघडतात.

पात्याला धार असावी, आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना ते स्पिरिटने पुसावं. बुंध्यावर खडबडीत गाठी आणणारे जिवाणू जखमेवाटे शिरतात आणि मळक्या हत्यारावरून पुढच्या झाडाकडे जातात.

हातमोजे कातड्याचे आणि मनगटाच्या वरपर्यंत येणारे असू द्या. हे केवळ टोचतं म्हणून सांगत नाही. काट्याच्या जखमेतून मातीतली एक बुरशी त्वचेत शिरू शकते. टोचलेल्या जागी काही आठवड्यांनी न दुखणारी गाठ आली, ती बरी होईना किंवा हातावर वरच्या बाजूला ओळीने आणखी गाठी दिसू लागल्या तर डॉक्टरांकडे जा आणि गुलाबात काम करता हे आवर्जून सांगा. धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी हे ओघानं आलंच.

छाटणीचा दिवस

माती कोरडी असेल तर दोन दिवस आधी झाडाला पोटभर पाणी द्या. त्या दिवशी कात्री हातात घेण्याआधी झाडाभोवती एक फेरी मारा. बुंध्याशी वाका, पालापाचोळा आणि थोडी माती बाजूला करा, आणि कलमाची गाठ शोधा. बागेतला गुलाब बहुतेक वेळा जंगली, काटक जातीच्या खुंटावर, म्हणजे मुळं असलेल्या बुंध्यावर, चांगल्या गुलाबाचा डोळा भरून (बसवून) तयार केलेला असतो. जिथे डोळा भरला ती जागा गाठीसारखी फुगीर दिसते. गाठीच्या वरचं सगळं तुमचा गुलाब, गाठीखालचं सगळं खुंट.

पहिलं काम वाळक्याचं. तपकिरी, काळी, सुरकुतलेली प्रत्येक फांदी काढा. कुठपर्यंत काढायची हे फांदीचा गाभा सांगतो. कापाच्या मध्यभागी बघा. तो पांढरट किंवा किंचित हिरवट असेल तर थांबा. तपकिरी असेल तर आणखी एक डोळा खाली या, पुन्हा बघा, पुन्हा खाली या. कधी कधी असं करत करत पार गाठीपर्यंत जावं लागतं. इथे नवखा माणूस बहुधा कच खातो आणि तपकिरी गाभा तसाच ठेवतो, म्हणजे रोग झाडात ठेवून देतो. निम्मी फांदी वाचवण्याच्या नादात पूर्ण झाड जातं.

दुसरं काम खुंटाच्या फुटीचं, आणि इथे थोडं थांबून सांगायला हवं. गाठीखालून किंवा मुळातून निघालेली फांदी जंगली असते. तिला जोर फार. ती राहू दिली तर दोन वर्षांत सगळं अन्न खाते, वरचा गुलाब झिजत जातो आणि एके दिवशी लाल फुलांच्या झाडाला बारीक पांढरी फुलं येतात. लोकांना वाटतं गुलाबाने रंग बदलला. माझ्या त्या पहिल्या झाडाचं हेच झालं. सर्वांत जोमदार फांदी म्हणून मी तिला जपत होते, आणि ती खुंटाची निघाली.

ती ओळखण्यासाठी एका देठावरची छोटी पानं मोजून ‘सात पानांची फांदी जंगली, पाच पानांची चांगली’ असं सर्रास सांगितलं जातं. यावर विसंबून कापू नका. कित्येक चांगल्या गुलाबांना, विशेषतः जोमदार नव्या फुटीला, सात पानं असतात. पानाचा रंग, काट्यांची ठेवण वेगळी वाटली तर संशय घ्या, पण निकाल बुंध्याशी लावा: माती उकरून फांदी कुठून निघाली ते पाहा. गाठीखालून असेल तर जिथून निघाली तिथून खाली ओढून उपटून काढा. मातीच्या वर कापली तर खाली राहिलेल्या डोळ्यांतून एकाच्या चार येतात. आणि गाठीतून किंवा तिच्या वरून, बुंध्यापासून सरळ वर येणारी लालसर, जाड, रसरशीत फूट दिसली तर ती मात्र सोन्यासारखी सांभाळा. झाडाचं पुढच्या चार-पाच वर्षांचं भवितव्य तिच्यात आहे. फोफावलेली दिसते म्हणून तिला खुंटाची समजून उपटलेली मी अनेक बागांत पाहिली आहे.

तिसरं काम दाटी कमी करण्याचं. पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या काढा, त्यांच्यावर नावाला फुलं येतात. मिनिएचर गुलाबाला हा नियम लावू नका, त्याच्या फांद्या मुळातच बारीक असतात. एकमेकींना घासणाऱ्या दोन फांद्यांतली कमी जोराची काढा. झाडाच्या मध्यात आत वळून गेलेल्या फांद्या काढा. झाडाचा आकार ओंजळीसारखा व्हायला हवा, कडेने फांद्या आणि मध्ये मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेतून वारा जातो, ओली पानं लवकर कोरडी होतात, आणि निम्मे रोग तिथेच थांबतात.

आता ४ ते ६ चांगल्या फांद्या उरलेल्या असतील. त्या किती उंच ठेवायच्या यावर दहा माळी दहा मतं देतात. पहिल्यांदाच छाटत असाल तर झाडाची उंची निम्मी करा आणि पुढे जा. हाताला सवय झाली की प्रकाराप्रमाणे फरक करता येतो. कडक थंडीच्या प्रदेशात हायब्रिड टी जमिनीपासून १५ ते २५ सेंटिमीटरपर्यंत खाली आणतात. ऊबदार हवेत झाडं मोठी होतात, तिथे ४५ ते ६० सेंटिमीटर ठेवली तरी चालतं. फ्लोरिबंडा हायब्रिड टीपेक्षा थोडा उंच ठेवावा, कारण त्याच्याकडून फुलांची संख्या हवी असते. मिनिएचरचा वरचा तिसरा हिस्सा काढला की पुरे. आणि ज्याला लावून वर्षही झालेलं नाही त्याला फक्त वाळकं आणि मोडकं काढून सोडून द्या. त्याला आधी मुळं वाढवायची आहेत, आणि मुळांना अन्न पानांकडून मिळतं.

एकाच झाडावर जाड फांदी थोडी उंच आणि बारीक फांदी अधिक खाली कापा. हे पहिल्यांदा उलटं वाटतं. पण अशक्त फांदीवर कमी डोळे ठेवले की तिच्याकडचं अन्न त्या दोन-तीन डोळ्यांनाच मिळतं आणि त्यातून जोरदार फूट येते.

प्रत्यक्ष काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर ५-६ मिलिमीटरवर घ्या. त्याहून जवळ कापलं तर डोळा सुकतो. बरंच वर कापलं तर मध्ये उरलेला खुंटा वाळतो आणि वाळणं खाली डोळ्यापर्यंत येतं. काप किंचित तिरका, डोळ्याच्या बाजूला उंच आणि मागच्या बाजूला उतरता घ्यावा, म्हणजे पाणी डोळ्यावर येत नाही. या तिरकेपणाचा मात्र फार बाऊ केला जातो. काप सरळ गेला म्हणून झाडाचं काही बिघडत नाही. धारदार पात्याने एका दमात घेतलेला स्वच्छ काप आणि योग्य डोळा, या दोन गोष्टी महत्त्वाच्या. झाड मुळातच पसरट, जमिनीवर लोळणारं असेल तर आतल्या बाजूच्या डोळ्यावर कापा, म्हणजे ते उभं राहील. नियम झाडाच्या सोयीसाठी असतात.

शेवटी, फांद्यांवर उरलेली जुनी, ठिपकेवाली पानं हाताने काढून टाका. झाडाखालचं एकूण एक पान गोळा करा आणि ते कंपोस्टमध्ये घालू नका. काळ्या ठिपक्यांची बुरशी पडलेल्या पानांवरच पुढच्या हंगामापर्यंत टिकून राहते.

कापांना काही लावायचं का? कोरड्या हवेत बारीक कापांना काहीच लागत नाही, ते आपोआप भरतात. ज्या बागेत फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली मरत येण्याचा रोग आहे, तिथे बोटाहून जाड कापांना मी बोर्डो पेस्ट लावते. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या अर्धा लिटर पाण्यात, आणि मग दोन्ही एकत्र ढवळून. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं घ्या, मोरचूद लोखंड खातो. चुना विरघळताना चांगलाच तापतो, म्हणून स्वतःचे डोळे जपा, आणि मुलांना त्या जागेपासून लांब ठेवा.

पुढचे आठ आठवडे

छाटलेलं झाड केविलवाणं दिसतं. त्याची समजूत घालायला म्हणून लगेच खताचा मारा करू नका. पानंच नाहीत तर झाड खाणार किती आणि पाणी पिणार किती! पहिले आठ-दहा दिवस माती ओलसर राहील इतपत पाणी पुरतं. डोळे फुगून लाल झाले की बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून माती हलकेच मोकळी करा, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत दोन-तीन ओंजळी पसरा, मूठभर निंबोळी पेंड मिसळा आणि वर पालापाचोळ्याचं ५ ते ७ सेंटिमीटर जाडीचं आच्छादन द्या. आच्छादन बुंध्याला टेकवू नका. कच्चं शेण तर अजिबात नको, ते कुजताना तापतं, मुळं भाजतात, आणि हुमणीच्या अळ्या त्यातून येतात.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तांबूस कोंब दिसतील. कधी कधी एका डोळ्याच्या जागी दोन-तीन कोंब येतात. मधला जोमदार ठेवून बाकीचे अंगठ्याने हलकेच चोळून टाका. आत वळलेले कोंबही तसेच काढा. या वेळी अंगठ्याने जे होतं त्यासाठी दोन महिन्यांनी कात्री लागते.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात कळ्या. हायब्रिड टीच्या मुख्य कळीच्या बाजूला दोन बारक्या कळ्या दिसल्या तर त्या वाटाण्याएवढ्या असतानाच खुडा, मधलं फूल मोठं होतं. फ्लोरिबंडात उलट करायचं: झुपक्यातली मधली, सर्वांत आधी फुगलेली कळी काढा, म्हणजे बाकीच्या एकत्र उमलतात. काही कोंब कळीशिवायच थांबतात. त्यांना आंधळे कोंब म्हणतात. थंडी किंवा कमी उजेड ही त्याची नेहमीची कारणं. असा कोंब निम्म्यावर, चांगल्या डोळ्यावर कापा, पुढची फूट बहुधा कळी घेऊन येते.

वर्षभराची निगा

गुलाबाला रोज किमान सहा तास ऊन हवं, त्यात सकाळचं असेल तर उत्तम, कारण दव लवकर वाळतं. सावलीतल्या झाडाला खत घालून फुलं येत नाहीत. पाणी थोडं थोडं रोज देण्यापेक्षा दोन-चार दिवसांनी खोलवर द्या. वरची दोन इंच माती बोटाला कोरडी लागली की आळं भरून पाणी. भारी मातीत अंतर जास्त, वाळूसर मातीत कमी. कुंडीतल्या झाडाला उन्हाळ्यात रोज लागू शकतं. कुंडी निदान १२ ते १४ इंचाची आणि तळाला भोकं मोकळी असलेली हवी. पाणी सकाळी, बुंध्याशी. पानांवर संध्याकाळी पाणी मारणं म्हणजे रोगाला रात्रभराचा मुक्काम देणं.

सुकलेली फुलं खुडत राहा. फूल झाडावर राहिलं तर फळ धरतं, आणि झाडाच्या दृष्टीने त्याचं काम झालेलं असतं, पुढची कळी काढायची त्याला घाई उरत नाही. फुलापासून खाली येताना पाच छोट्या पानांचं, बाहेर तोंड असलेलं पहिलं पान जिथे आहे त्याच्या वर कापावं, असा प्रघात आहे. तो चांगला आहे. पण झाड लहान किंवा अशक्त असेल तर फुलाखालचं पहिलंच पान गाठून कापा. लांब दांडा तोडला की त्याच्यासोबत झाडाचं स्वयंपाकघर जातं. कडक हिवाळ्याच्या प्रदेशात थंडीच्या आधी दीड-दोन महिने खुडणं आणि खत दोन्ही थांबवतात, म्हणजे कोवळी फूट न येता फांद्या पिकतात.

खताबद्दल एकच आग्रह. नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की झाड हिरवंगार, लुसलुशीत दिसतं आणि त्याच्यावर मावा ही कीड आणि भुरी हा बुरशीचा रोग तुटून पडतात. पानं सांगतात ते वाचा. जुनी, खालची पानं शिरांच्या मध्ये पिवळी पडली तर मॅग्नेशियम कमी आहे. नवी, शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह पोचत नाही. बहुतेकदा मातीत लोह असतं, पण माती अल्कधर्मी किंवा पाणथळ असल्यामुळे ते झाडाला घेता येत नाही. गुलाबाला मातीचा सामू (पीएच) ६ ते ७ च्या आसपास मानवतो. खालची पानं सरसकट पिवळी होऊन गळत असतील तर खताचा डबा उघडण्याआधी बुंध्याशी बोट घालून पाणी साचलंय का ते पाहा.

रोग आणि किडी

काळे ठिपके सर्वांत त्रासदायक. पानावर कडा विस्कटलेले काळे डाग, भोवती पिवळेपणा, मग पानगळ. या बुरशीला रुजण्यासाठी पान सलग सात-आठ तास ओलं राहावं लागतं. म्हणजेच सकाळचं पाणी, मोकळा मध्य आणि खालची पानं वेचणं हेच खरं औषध. फवारणी पुढच्या पानांना वाचवते, डाग पडलेलं पान बरं करत नाही.

भुरी याच्या उलट वागते. कोवळ्या पानांवर आणि कळीच्या देठावर पीठ शिंपडल्यासारखी दिसते, पण तिला ओलं पान लागत नाही. कोरडे ऊबदार दिवस, गार दमट रात्री आणि बुंध्याशी कोरडी माती असली की ती येते. पाण्यात विरघळणारं गंधक तिच्यावर चालतं, फक्त कडक उन्हात मारू नका, पानं करपतात. तांबेऱ्याचे नारिंगी ठिपके पानाच्या मागे शोधा आणि पानं वेचून नष्ट करा.

मावा कोवळ्या शेंड्यावर दाटीने बसतो. पाण्याचा जोरदार झोत दोन-तीन दिवस मारला तरी पुष्कळ धुऊन जातो, आणि लेडीबर्ड भुंगे आले की उरलेलं काम ते करतात. तेवढ्यासाठी तरी जहाल कीटकनाशकाला हात लावू नये असं मला मनापासून वाटतं. लाल कोळी कोरड्या उष्ण हवेत पानाच्या मागे जाळं करतो, त्यालाही पानांच्या मागून सकाळी पाणी मारणं मानवत नाही. फुलकिडे कळीत शिरतात, पाकळ्यांच्या कडा तपकिरी होतात आणि कळी उघडत नाही. अशा कळ्या तोडून पिशवीत बंद करून टाका. खवले कीड जुन्या फांदीवर पांढऱ्या किंवा लालसर पापुद्र्यासारखी चिकटलेली असते, ती जुन्या दातघासणीने घासून काढता येते. कडुनिंबाचं तेल वापरायचं तर लिटरला ५ मिलिलिटर, थोडा साबण मिसळून, संध्याकाळी मधमाश्या परतल्यावर.

वेली गुलाब

वेलीला पहिली दोन वर्षं कापू नका, बांधा. उभी सोडलेली फांदी फक्त शेंड्याला फुलते. तीच फांदी वाकवून आडवी किंवा पंख्यासारखी तिरकी बांधली की शेंड्याचा दाब सैल होतो, फांदीवरचे बरेच डोळे एकदम जागे होतात आणि प्रत्येकातून फुलांची छोटी फांदी उभी राहते. कात्री न लावता इतका फरक पडताना पाहिला की डोळ्याचं तत्त्व मनात कायमचं बसतं. फांद्या कोवळ्या असतानाच वाकवा, जुन्या मोडतात. बांधायला मऊ सुतळी घ्या आणि आठच्या आकड्यासारखा सैल फास ठेवा.

पुढच्या वर्षांत पुन्हा पुन्हा फुलणाऱ्या वेलीच्या मुख्य फांद्या तशाच ठेवून, त्यांच्यावरच्या फुलून गेलेल्या बाजूच्या फांद्या दोन-तीन डोळ्यांवर कापतात. बुंध्यातून नवी जोमदार फूट मिळाली की सर्वांत जुनी एक फांदी मुळाशी काढून तिच्या जागी नवी बांधायची.

कापलेल्या फांद्यांचं काय

निरोगी, पेन्सिलीएवढ्या जाड, नुकत्याच फुलून गेलेल्या फांद्यांचे १५ ते २० सेंटिमीटरचे तुकडे बाजूला ठेवा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वरचा डोळ्याच्या थोडा वर. निदान दोन डोळे मातीखाली जातील अशी काडी वाळूमिश्रित मातीत, उलटसुलट न होऊ देता खोचा आणि उजेड असलेल्या पण ऊन नसलेल्या जागी ओलसर ठेवा. सगळ्या जाती अशा लागत नाहीत, काही महिनाभर हिरव्या राहून काळ्या पडतात. ज्या लागतात त्या स्वतःच्या मुळांवर वाढतात, त्यामुळे त्यांच्या बुंध्यातून येणारी प्रत्येक फूट तुमच्याच गुलाबाची असते, जंगली खुंटाची चिंता राहत नाही. दोन-तीन आठवड्यांत पालवी दिसली म्हणून काडी हलवून पाहू नका. ती पहिली पानं काडीत साठलेल्या अन्नावर फुटलेली असतात, मुळं त्यानंतर येतात, आणि कोवळी असताना नुसत्या हलवण्याने तुटतात.